कसंतरी होतंय

आमच्या हिला निखळ बरं वाटतंय, असा दिवस मी काही अजून पाहिलेला नाही. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "करमतंय ना?" तर म्हणाली, "करमतंय, पण कसंतरी होतंय." मी नवखा नवरा, घाबरलो. डॉक्टरकडे जाऊ या म्हणालो. तर म्हणाली, "डॉक्टरला काय सांगणार? कसंतरी होतंय म्हणून?" तेव्हापासून हे कसंतरी आमच्याकडे मुक्कामाला आहे. मुलं शिकली, नोकऱ्यांसाठी लांब गेली, नातवंडं झाली. कसंतरीने मात्र घर सोडलं नाही.

यावरून कोणाला वाटेल, ही बाई अंथरुणाला खिळलेली असणार. तसलं काही नाही. मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीत हिचं इस्त्रीचं दुकान आहे आणि ते ती एकहाती चालवते. एक लांबरुंद टेबल, त्यावर घडी घातलेली घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, पाणी शिंपडायची बाटली, भिंतीला घड्या ठेवायच्या फळ्या आणि वर एक माळा. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः कॉलेजची मुलं-मुली आणि त्यांचे पांढरे अॅप्रन. अॅप्रन हातात आला की ही आधी खिसे चाचपते. पेन राहिलं असेल आणि गरम इस्त्री फिरली, तर एका अॅप्रनसोबत खालची चादरही निळी होते. खिशातून काय काय निघालं आहे म्हणून सांगू. गोळ्यांचे कागद, बसची तिकिटं, एकदा तर दाताच्या डॉक्टरकीला असलेल्या एका मुलाच्या खिशातून अख्खी दाढ निघाली. हिने ती पुडीत बांधून परत दिली आणि वर विचारलं, "तुझी की कुणाची?"

माझं काम सायकलवरून गठ्ठे पोचवायचं. आणि बोलायचं. दुकानात बोलायला एक माणूस लागतोच.

तर ही येईल त्या गिऱ्हाइकाला आपलं दुखणं सांगायची. टाचा ठणकतात, मनगट भरून येतं, डोकं भणभणतं, आणि सगळं सांगून झालं की शेवटी, "काही नाही रे, एकूण कसंतरीच होतंय." मुलं हुशार. पहिल्या वर्षातच शिकायची. कपडे टेबलावर टाकायचे, "मावशी, लेक्चर आहे," आणि गल्लीच्या टोकापर्यंत धूम. ही त्यांच्या पाठीकडे बघून म्हणायची, "डॉक्टर व्हायच्या आधीच यांना पेशंटला वेळ नाही. झाल्यावर तर विचारायलाच नको."

अशा त्या दुकानात एके दुपारी ती मुलगी आली. दूर देशाची. इतक्या दूरच्या की आपल्याकडे दिवस असतो तेव्हा तिच्या आईच्या घरी दिवे लागलेले असतात. कॉलेजात शिकवणी इंग्रजीतून, पण पेशंट बोलणार आपल्या भाषेत, म्हणून कॉलेजने या बाहेरच्या मुलांना भाषेचे वर्ग लावले होते. त्या वर्गात काय शिकवत होते देव जाणे. तिने अॅप्रन टेबलावर ठेवला, हात जोडले आणि मला म्हणाली, "महोदय, हे वस्त्र मला उद्या प्राप्त होईल काय?"

मला इतका आनंद झाला की मी बाकावरून उठूनच उभा राहिलो. मला महोदय म्हणणारं माणूस आमच्या गावच्या शाळेतही कधी भेटलं नव्हतं.

ही इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "होईल हो प्राप्त. पण ओरडून सांगायला लावू नकोस, माझा घसा बसलाय."

मुलीने हिच्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं. "कुठे बसला?"

तिला हसवायचं नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. ही इस्त्री उभी करून तिच्याकडे बघतच राहिली. घसा बसलाय हे ऐकून पळून न जाता पुढचा प्रश्न विचारणारं माणूस हिला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

त्या दिवसापासून मुलीची फेरी रोजची झाली. कपडे असोत नसोत. ही तिला डॉक्टर म्हणू लागली, आणि ही म्हणते ते गल्ली म्हणते, त्यामुळे ती सगळ्यांचीच डॉक्टर झाली. डॉक्टर हिला मावशी म्हणायची, कारण सगळेच म्हणतात. मला मात्र आजोबा म्हणायची, कारण माझ्या नातवंडांचा फोन आलेला तिने ऐकला होता. मी म्हटलं, "अगं, मावशीचा नवरा काका." तर ही मध्येच म्हणाली, "राहू दे. तिच्या तोंडून मी तुमच्यापेक्षा एक पिढी लहान होते. तुम्हाला काय त्रास आहे?"

भाषेच्या बाबतीत तिच्या गमती सांगायला बसलो तर दिवस पुरायचा नाही. समोरच्या कुलूपवाल्याचे डोळे आले, तर तिने विचारलं, "कुठून आले?" कुणाचा डोळा लागला म्हटल्यावर, "फार लागला का, रक्त आलं का?" आणि वॉर्डातली ती गोष्ट तर कॉलेजात अजून सांगतात. एका म्हाताऱ्या पेशंटला, आजारी पडून किती दिवस झाले, हे विचारायचं होतं. आमच्या डॉक्टरने अदबीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला किती दिवस गेलेत?" सगळा वॉर्ड हसला. म्हातारा मात्र रसिक. गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "अजून नक्की नाही बाई. डॉक्टरांनी तपासून सांगतो म्हटलंय."

ती दुकानात रडवेली होऊन आली. लोक का हसले, हे तिला कुणी सांगेना. हिने तिला कोपऱ्यात नेऊन कानात सांगितलं. मग दोघी मिळून अशा हसल्या की हिला उचकी लागली, आणि डॉक्टरने लगेच विचारलं, "मावशी, ही पण लागली? सगळं लागतंच का तुमच्याकडे?"

एक शब्द मात्र तिला काही केल्या सुटेना. कसंतरी.

"मावशी, कसंतरी म्हणजे कसं?"

"कसंतरी म्हणजे कसंतरीच."

"दुखतं?"

"दुखत नाही."

"मळमळतं?"

"तसंही नाही. म्हणजे असतंही थोडं."

"आजोबा, तुम्ही सांगा."

मी गावच्या शाळेत शिकलो, पण आमच्या गुरुजींनी शब्दांचे अर्थ असे पाठ करून घेतलेले की झोपेतून उठवून विचारा. तरी या शब्दापुढे मी हात टेकले. म्हटलं, "हे बघ, माणसाला काय होतंय ते कळलं की त्याला नाव देतात. नाव मिळेपर्यंत ते कसंतरी." तिने मान डोलावली. पण पटलं नव्हतं.

दुसरं वर्ष संपत आलं होतं. एक दिवस ती आली. बाकावर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. हिने अॅप्रनची एक बाही संपवली, दुसरी घेतली आणि विचारलं, "काय गं?"

"काही नाही, मावशी. कसंतरी होतंय."

शब्द अगदी जागच्या जागी पडला. स्वरसुद्धा. आमच्या हिने बाही अर्धी सोडून इस्त्रीचा स्विच बंद केला. इतक्या वर्षांत कपडा अर्धा टाकून इस्त्री बंद केलेली मी तेव्हाच पाहिली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाहेरच्या मुलांची फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट असते. तिचे वडील ट्रकचालक. स्वतःचा ट्रक होता, तो विकून पहिल्या दोन वर्षांची फी भरली होती, आणि आता ते दुसऱ्याचा ट्रक चालवून पुढची जमवत होते. तेवढ्यात तिच्या देशातल्या पैशाचा भाव पडला. मला हे समजायला वेळ लागला. कॉलेजने फी वाढवली नव्हती, वडिलांचा पगार कमी झाला नव्हता, घरात कुणी आजारी पडलं नव्हतं, कुणी उधळलं नव्हतं. तरी वडिलांनी धाडलेले पैसे इथे पोचेपर्यंत निम्मे होत होते. भांड्याला भोक नाही आणि पाणी गळतंय, असला प्रकार.

"इथे काहीतरी काम कर मग," मी म्हटलं. "आमच्याकडेच बस इस्त्रीला."

"व्हिसावर काम करायची परवानगी नाही, आजोबा."

"कळणार कुणाला?"

"मला कळेल," ती म्हणाली. "आणि त्यांना कळलं तर परत पाठवतील."

ही माझ्यावर डाफरली. "पोरीला भलतं शिकवू नका." मग तिला म्हणाली, "दुसरा काही मार्ग आहे का ते बोल."

मार्ग एकच होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेज बाहेरच्या मुलांची आपल्या भाषेत तोंडी परीक्षा घेतं. तीत पहिला वर्ग मिळाला तर तिसऱ्या वर्षापासून फी इथल्या मुलांइतकीच. त्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर काही वर्षं आपल्याच सरकारी दवाखान्यांत काम करायचं. पेशंटशी धड बोलता येईल त्यालाच ही सवलत. नुसतं पास होऊन भागणार नव्हतं, पहिलाच वर्ग हवा. तो नाही मिळाला तर डॉक्टरकी सोडून घरी. वडिलांनी कितीही फेऱ्या केल्या तरी बाहेरच्यांची फी आता भरून निघणार नव्हती. आमची शिल्लक ओतायचा विचार आमच्याही मनात येऊन गेला, पण ती त्या फीच्या तळाशी दिसलीसुद्धा नसती.

हिने वर पाहिलं. मग माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते गठ्ठे खाली काढा. उद्यापासून डॉक्टर तिथे राहील. खोलीचं भाडं तरी वाचेल."

"मी फुकट राहणार नाही, मावशी."

"फुकट कोण म्हणतंय? मी पेशंट आहे. रोज दुपारी बसायचं आणि मला तपासायचं, आपल्या भाषेत. डॉक्टरला फी द्यावी लागते, ती मी माळ्याने आणि जेवणाने देईन. आणि हे बघ, माझ्याकडे दुखणी पुष्कळ आहेत. तुझंच येणं माझ्याकडे निघेल."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घे कबूल करून. दुखण्यांच्या बाबतीत ही खोटं बोलत नाही."

मग दुपारचे ते तास सुरू झाले. गिऱ्हाईक नसलं की डॉक्टर स्टुलावर, ही टेबलाशी, हातात इस्त्री चालूच. पहिल्या दिवशी डॉक्टरने वर्गातलं वाक्य काढलं, "आपणांस कोणता विकार जडला आहे?"

ही म्हणाली, "ऊठ आणि बाहेर जा. परत आत ये आणि माणसासारखं विचार."

डॉक्टर बाहेर गेली, परत आली, स्टूल ओढून बसली. "काय मावशी, काय होतंय?"

"आता कसं. काही नाही गं, कसंतरी होतंय."

झालं. पुन्हा गाडी तिथेच अडली. तेव्हा मी त्यांना आमच्या गुरुजींची गोष्ट सांगितली. आमच्या शाळेत पाढ्यांच्या दिवशी निम्म्या वर्गाचं पोट दुखायचं. गुरुजी रागवायचे नाहीत. म्हणायचे, "कुठे दुखतंय तिथे हात ठेव आणि बस." थोड्या वेळाने पुन्हा विचारायचे. ज्याचा हात तोवर डावीकडून उजवीकडे सरकलेला, त्याने उभं राहून पाढा म्हणायचा. ज्याचा हात तिथेच, त्याला घरी सोडायचे. माझा हात नेहमी सरकायचा. म्हणून मला पाढे येतात.

डॉक्टर हसली, आणि मग एकदम हिच्याकडे वळली. "मावशी, कसंतरी कुठे होतंय? हात ठेवा."

हिने इस्त्री उभी केली. कुठे, हा प्रश्न हिला कधी कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा विचारायचो ते एवढंच, "पुन्हा?" हात आधी कपाळाकडे निघाला, मध्येच थांबला आणि पोटाच्या वर, बरगड्यांच्या मध्ये येऊन टेकला. "इथे वाटतं."

"कधी होतं?"

"तसं नेहमीच."

"आत्ता होतंय?"

"आत्ता नाही."

"मग कधी?"

असं करत करत त्या एका कसंतरीची कितीतरी निघाली. एक उभं राहून होणारं, पायांतून वर चढणारं. एक नवीन कपड्यांच्या खळीचा वास गरम इस्त्रीखाली सुटला की होणारं. एक उपाशीपोटी चहा घेतल्यावरचं; त्यावर डॉक्टरने चहाआधी चार घास खायला लावले आणि ते थांबलं. ही नाराज झाली. "इतकी वर्षं जपलं, चार घासांत घालवलंस."

आणि एक दिवस, मी फळीवर घड्या रचत असताना, ही मागे हळू आवाजात म्हणाली, "आणि एक आहे. ते मुलांचा फोन आला की होतं."

"फोनवर बोलताना?"

"बोलताना नाही. बोलताना छान वाटतं. ठेवला की होतं."

डॉक्टर स्टुलावर पुढे सरकली. मग म्हणाली, "मावशी, हे मलाही होतं. माळ्यावर."

"माहीत आहे," ही म्हणाली. "ऐकू येतं खाली."

मी घड्या रचतच राहिलो. एक अॅप्रन उगाच उलगडून त्याची परत घडी घातली.

परीक्षेची तऱ्हा अशी. कॉलेज आजूबाजूच्या माणसांना बोलावतं, थोडं मानधन देतं आणि एकेक आजार पाठ करून घेतं. हे खोटे पेशंट खोलीत बसतात, मुलाने आपल्या भाषेत त्यांच्याशी बोलून काय होतंय ते काढायचं, आणि बाजूला मोठ्या मॅडम बसून गुण देतात. आमच्या हिनेही एका वर्षी खोटी पेशंट व्हायला नाव दिलं होतं. रंगीत तालमीतच तिला परत पाठवलं. तिला एकच आजार सांगता येईना.

आमच्या डॉक्टरच्या वाट्याला आला एक निवृत्त बसचालक. त्याला पाठ दिलं होतं, जेवल्यावर छातीत जळजळ होते, आडवं झालं की वाढते. सोपं काम. घरी बायकोसमोर त्याने ते चार वेळा म्हणूनही दाखवलं होतं. पण खुर्चीत बसला, समोरून कुणीतरी विचारलं काय होतंय, आणि त्याच्या तोंडून जन्मभराच्या सवयीने निघालं, "काही नाही हो, कसंतरी होतंय." आता आपल्यातला कोणता माणूस डॉक्टरसमोर बसल्या बसल्या थेट जळजळीवर येतो? चार शब्द आडवळणाचे हवेतच.

डॉक्टरच्या आधी एक उंच मुलगा होता, तोही बाहेरचाच. त्याने ऐकलं, "काही नाही." त्याचा चेहरा उजळला. "काही नाही? फार छान. धन्यवाद," म्हणाला आणि नमस्कार करून निघाला. मॅडमनी त्याला हाक मारून परत बसवलं म्हणून बरं.

मग आमची गेली. चालकाचं पुन्हा तेच, "काही नाही, कसंतरी होतंय."

डॉक्टरने स्टूल जवळ ओढलं. "काका, कसंतरी कुठे होतंय? हात ठेवून दाखवा."

चालकाने मला नंतर सांगितलं, "अहो, पाठांतरात छाती होती. पण तिने विचारलं तसं, आणि माझा हात आपोआप खाली गेला. इथे." त्याने बरगड्यांच्या मध्ये हात ठेवून दाखवला.

"कधी होतं?"

"सकाळी."

"उठल्या उठल्या?"

"नाही. पहिली बस जाते ना घरावरून, तेव्हा. तिचा गिअर पडल्याचा आवाज येतो. दुसराच कुणीतरी टाकतो आता तो गिअर. नीट टाकत नाही."

"घरी कुणाला सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"आमच्या मावशीपण असंच म्हणतात," ती म्हणाली. "मला सांगा."

आणि तो सांगू लागला. पाठ केलेलं सगळं विसरून सांगू लागला. रिकाम्या सकाळी, अजून डाव्या पायाला क्लच शोधायची सवय, बायको म्हणते फिरून या, आणि फिरायला गेलं की पाय डेपोकडेच वळतात. डॉक्टर ऐकत होती, मध्ये अगदी थोडं विचारत होती. घंटा वाजली तेव्हा जेवणाचा प्रश्न राहिला होता, झोपेचा राहिला होता, जळजळ तर खोलीत आलीच नव्हती.

ती दुकानात आली ती थेट टेबलाला टेकून उभी राहिली. "मावशी, मी गेले. त्यांचा आजार काय होता तेच मला काढता आलं नाही."

"मग बोललात काय इतका वेळ?"

"बसबद्दल."

ही माझ्याकडे बघायला लागली, मी हिच्याकडे. बसचालकाशी बसबद्दल बोलणं हे मला तसं चुकीचं वाटत नव्हतं, पण परीक्षेचं काही सांगता येत नाही.

निकालाला आठवडा होता. तो आठवडा वाईट गेला. डॉक्टर माळ्यावरून फारशी उतरेना. हिला स्वतःच्या दुखण्याचीही आठवण होईना, यावरून काय ते समजा. एका सकाळी उठून हिने डॉक्टरचे झाडून सगळे कपडे इस्त्रीला घेतले. कुडते, चादरी, रुमालसुद्धा. घड्यांचा नीट गठ्ठा रचून माळ्याच्या शिडीपाशी ठेवला. डॉक्टरने वरून तो पाहिला आणि तिचे डोळे भरले. "मावशी, मी निघायची तयारी तुम्हीच करून दिलीत."

"कसली तयारी? माझ्या हाताला काम हवं होतं," ही म्हणाली. "आणि तुझे रुमाल म्हणजे अगदी चुरगळलेले बोळे. डॉक्टरला शोभतात का?"

ते दोघींचं असं चाललेलं असताना दारात एक माणूस उभा राहिला, हातात दोन पँटी. मी ओळखत नव्हतो. पँटींना अगदी कडक धार होती, इस्त्रीची काही गरज नव्हती. त्याने त्या टेबलावर ठेवल्या आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "इथे त्या मावशी आहेत का? ती मुलगी म्हणाली होती, आमच्या मावशी म्हणून."

तोच तो बसचालक. मुलीची चौकशी करत करत गल्लीपर्यंत आला होता. हिने त्याला बाकावर बसवलं. डॉक्टर शिडीवरच थिजली.

"तुम्ही गेल्यावर मॅडमनी मला विचारलं," तो तिच्याकडे बघून सांगू लागला. "म्हणाल्या, काका, हे तर तुम्हाला पाठ दिलं नव्हतं. मी म्हटलं, नव्हतं दिलं. मग सांगितलंत कसं? मी म्हटलं, तिने विचारलं. मी फार घाबरलो होतो हो. म्हटलं, माझ्या चुकीने पोरीचे गुण जातील. तसं बोललोही. तर मॅडम म्हणाल्या, आज भाषेची परीक्षा होती, छातीची नव्हती. आणि काहीतरी लिहिलं."

"काय लिहिलं?" ही.

"चष्मा घरी होता."

ही कपाळावर हात मारून घेणार होती, पण तो पाहुणा म्हणून आवरलं. तो पुढे म्हणाला, "घरी जाऊन बायकोला सांगितलं, सकाळचं ते. ती म्हणाली, मला माहीत होतं, तुम्ही बोलायची वाट बघत होते. आता दोघं जातो सकाळी डेपोवर. चहा घेतो तिथे." मग जरा थांबून, "ते सांगायला आलो होतो. पँटी राहू द्या, आलोच आहे तर."

निकाल फळ्यावर लागला तेव्हा बघायला मी गेलो, कारण डॉक्टर जायला तयार नव्हती आणि ही इस्त्री सोडायला. गर्दीत घुसलो. माझ्या मागे उभ्या एका मुलाने विचारलं, "आजोबा, तुमचा कितवा प्रयत्न?" मी म्हटलं, "पहिलाच," आणि तेवढ्यात तिचा नंबर दिसला. पहिल्या वर्गाच्या रकान्यात. नीट पाहिला. चष्मा डोळ्यांवरच होता. बसचालकाचं उदाहरण ताजं होतं. खाली नुसत्या पास झालेल्यांत तिच्या आधीचा नंबरही होता, म्हणजे तो उंच मुलगा; मला त्याचाही आनंद झाला.

सायकल त्या दिवशी कशी चालवली ते आठवत नाही. दुकानात शिरून म्हटलं, "इथल्या मुलांइतकीच फी," आणि बाकावर बसलो. डॉक्टरने फोन काढला आणि तिच्या भाषेत वडिलांशी बोलू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. पण मध्येच पलीकडून ट्रकचा हॉर्न वाजला, लांबलचक. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन वाजवला असणार. तो सगळ्या दुकानाला कळला.

फोन ठेवून ती हिच्याकडे आली. ही मान खाली घालून अॅप्रनची कॉलर दाबत होती. एकच कॉलर, पुन्हा पुन्हा.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही गं. कसंतरी होतंय."

डॉक्टरने स्टूल ओढलं, बसली, अगदी परीक्षेत बसली होती तशी. "कुठे होतंय? हात ठेवा."

हिचा हात कपाळाकडे गेला, तिथून गळ्याशी आला, तिथून बरगड्यांवर, तिथून पुन्हा वर. कुठे टेकेना. मी मनात म्हटलं, गुरुजी असते तर हिला पाढा म्हणायला उभी केली असती.

शेवटी हिने तो हात डॉक्टरच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने इस्त्री उचलली. "आता हे सगळं सांगत बसले तर हे अॅप्रन कोण संपवणार? ऊठ, स्टूल बाजूला घे. आणि ते खिसे तपास आधी, त्यात पेन आहे."